लोण्यासारखी माती

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
७ एप्रिल २०२४, रविवार

तीर्थस्वरूप जाऊबाईंस,

शालनचा वाकून नमस्कार. मोठ्या भाऊजींनाही सांगा. पत्र अक्षदा वाचत असणार, तेव्हा अक्षदाबाई, तुम्हालाही नमस्कार. आजीला वाचून दाखवताना धाकट्या आजीचे शब्द मधेच गिळू नकोस, जसं लिहिलंय तसं वाच.

इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यासारखेच, कुरकुरत का होईना कामाला जातात. परवा पाडवा. तुमच्या दारात कडुनिंब आहे आणि मला इथे भाजीवाल्याकडून डहाळी विकत आणावी लागते. तोही असा मोजून देतो की जणू चांदीच देतोय.

गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला तेव्हा मी कामावर, कचरा वेचायच्या पट्ट्यावर होते. नंबर तुमच्या विकासचा, म्हटलं पोराचं काही काम असेल. आणि तुमचा आवाज! अकरा वर्षांनी. ‘शालन, लोण्यावानी माती हाय गं. तुजं भाऊजी म्हनतात, असली माती वाडीत कोनाच्या राबावर पडली नाय.’ एवढं बोललात आणि रेंज गेली. मी परत लावला, लागला नाही. डोळे पुसताना बघून बायका विचारायला लागल्या, ‘शालनताई, कोण गेलं?’ म्हटलं, गेलं नाही कुणी, आलंय.

भाताचं वरचं खाचर विकलं ते चुकलं, असं मी तेव्हा कबूल केलं नाही आणि आताही करणार नाही. हे गेल्यावर मला दुसरं काय सुचणार होतं? पण त्यामुळे तुमचा भाताची रोपं वाढवायचा राब वरून उतरून विहिरीशेजारी आला, ते मात्र माझ्यामुळे. माती पाठवली ती म्हणूनच. आणि खरं सांगू? ‘शालन कचऱ्यात काम करते’ असं तुम्ही वाडीतल्या काशीच्या लग्नात चारचौघीत म्हणालात ना, त्याचंही थोडं होतं. म्हटलं, बघा आता, कचऱ्यातून काय निघतं ते.

अक्षदाला कळावं म्हणून सांगते. शहराने पंचवीस-तीस वर्षं जे फेकलं त्याचा इथे डोंगर झाला होता. घराघरातला कचरा तर होताच, पण कारखान्यांचा गाळही टँकरवाल्यांनी गुपचूप आणून ओतलेला. जीन्स धुणाऱ्यांचा निळा, रंगवाल्यांचा हिरवा. आता डम्पिंग बंद झालं आणि तो डोंगर साफ करायचं कंत्राट निघालं. पोकलेन खणतं, घराएवढी गोल चाळण गरगर फिरते, प्लास्टिक एकीकडे, विटा-दगड एकीकडे आणि खाली पडते ती बारीक काळी माती. ती तपासून शेतकऱ्यांना फुकट देतात. मी पट्ट्यावर कचरा वेचणाऱ्या बारा बायकांची मुकादम. शिवाय माझं अक्षर चांगलं, म्हणून मातीच्या पिशव्या भरायच्या, चिठ्ठी लावायची, सही करायची आणि तपासणीला पाठवायच्या, हेही माझ्याकडे. आजपर्यंत माझी एक पिशवी नापास झालेली नाही. साहेब म्हणतात, ‘शालनताईंचा हात लकी आहे.’

एक सांगायचं होतं. राब भाजायची घाई करू नका. माती नवी आहे, उन्हात जरा मुरू द्या. नाहीतर असं करा, यंदा कवळ-पातेऱ्यावर, भाजायच्या त्या डहाळ्या-पाल्यावर, आपली जुनी नदीकाठचीच माती पसरा आणि ही बाजूला पडून राहू दे. बांधावरही एवढ्यात नको. तसं काही नाही, आपलं मनात आलं म्हणून लिहिलं. आमच्याकडे नवा इंजिनिअर आलाय, उन्मेष नावाचा. पोरगा मातीलासुद्धा प्रश्न विचारतो. त्याचं ऐकून मलाही शंका काढायची खोड लागली असेल. रिपोर्ट तर पास आहे, त्याची झेरॉक्स विकासकडे दिलीच आहे.

सुषमाला चौथा लागला म्हणे. जपा सुनेला. त्या ढिगाजवळ बसू देऊ नका, तिथे ऊन फार लागतं.

अक्षदासाठी कॅम्प दोनच्या बाजारातून जीन्सची पँट घेतली आहे. दुकानदार म्हणाला, ‘दीदी, एक्स्पोर्ट का माल है.’ त्याच्याकडे सगळाच माल एक्स्पोर्टचा असतो. कमरेला सैल झाली तर दोरी ओवा.

पुन्हा फोन करा. रेंजसाठी टेकाड चढायला त्रास होत असेल तर नका करू. पण करा.

तुम्ही मानलंत तर तुमचीच धाकटी जाऊ,
शालन


बेलवली
२ जून २०२४, रविवार

तीर्थस्वरूप जाऊबाईंस,

नमस्कार. अक्षदाचं पत्र पोचलं. अक्षर सुरेख आहे पोरीचं, आमच्या घराण्यावर गेलं असं म्हणणार होते, पण घराणं एकच आपलं.

तिने लिहिलंय की राब भाजला. पाठवलेली माती वर पसरली, उरली ती विहिरीकडच्या बांधाला लावली. धूर हिरवट निघाला, आजोबा दोन दिवस खोकत होते आणि तिच्या हातांना पुरळ आलं होतं, पण आता गेलं. ‘आजी म्हणते नव्या मातीचा जोर आहे.’ मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

घाई करू नका म्हटलं होतं ना मी? म्हणजे, म्हटलं होतं, पण तुम्हाला कळेल असं म्हटलं नव्हतं.

आता नीट सांगते. अक्षदा, सावकाश वाच. आमच्या उन्मेषने मला पिशवी भरताना पाहिलं. मी ढिगाशेजारी सूप घेऊन बसले होते. म्हणाला, ‘ताई, सूप कशाला?’ म्हटलं, पाखडायला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी त्याला सगळं दाखवलं. ढिगातून चार पाट्या माती घ्यायची, गोणपाटावर दोन दिवस वाळवायची, निळे-हिरवे खडे, काचा, तुसासारखं प्लास्टिक वेचून काढायचं, सुपात घोळायची, पाखडायची आणि खाली राहील ती स्वच्छ माती पिशवीत भरायची. वेचलेलं परत ढिगावर.

तो तसाच मातीत बसला. म्हणाला, ‘ताई, तपासणीला ढिगातली माती जशी असेल तशी पाठवायची असते. तुम्ही निवडलेली पाठवली.’

तुम्हीच सांगा जाऊबाई, आपल्या घरातून कुणाकडे पायलीभर तांदूळ जायचे असले तर आपण खड्यांसकट पाठवतो का? सासूबाईंनी आपल्या दोघींना काय शिकवलं? परक्याच्या दारात आपल्या घरचं जाणार, तर निवडून, पाखडून, स्वच्छ करून. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘ताई, चांगलं सॅम्पल भरा.’ मी चांगलं भरलं. मोठ्या ठिकाणी जातंय, आपली घाण कशाला दाखवायची असं मला वाटलं. चौदा ढिगांच्या पिशव्या मी अशा भरल्या आणि चौदाही पास झाल्या. माझ्या हाताला लकी म्हणणाऱ्यांनी कधी विचारलं नाही की ही बाई सुपात काय करते.

हे मला आत्ताच कळलं. कळल्याबरोबर लिहायला बसले.

म्हणून खबरदारी म्हणून सांगते, घाबरायचं कारण नाही. त्या राबात पेरू नका. शेजारच्या वेणूकडे दरवर्षी रोपं उरतात, ती मागून घ्या. राबाचा वरचा थर खरवडून लांब टाका. बांधाला लावलेली माती काढा. विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे पाऊस लागला की तिकडचं पाणी विहिरीत उतरणार नाही. भाऊजींना म्हणावं, दोन दिवसांचं काम आहे, पण कराच. सुषमाला त्या विहिरीचं पाणी उकळून द्या. उकळून काही फरक पडतो की नाही मला माहीत नाही, पण द्या.

आम्ही वेगळी माती पाठवली असती तर बरं झालं असतं. म्हणजे मी पाठवली असती तर.

उत्तर लवकर पाठवा. विकासला फोन लावते तर तो म्हणतो, ‘काकी, टेन्शन मत लो, रोपं एकदम भारी येणार.’ तो कामाच्या गडबडीत असतो, त्याला माझं धड ऐकू येत नसावं.

आपली,
शालन


बेलवली
२० ऑक्टोबर २०२४, रविवार

जाऊबाईंस,

हे पत्र अक्षदाच्या हातात देऊ नका. भाऊजींकडून वाचून घ्या, आणि ती शाळेत गेली की वाचा. तिच्या तोंडून हे तुमच्या कानावर जावं असं मला वाटत नाही.

परवा तुमचं पत्र आणि तांदळाचं गाठोडं मिळालं. लवकर पिकणारं हळवं भात झोडून पहिले तांदूळ धाकट्या जावेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा वाटा निघाला. पत्रात लिहिलंय की सुषमाचं बाळ आता तीन आठवड्यांचं झालं, अंगावर चांगलं पितं, आणि सुषमा रोज सकाळी नव्या तांदळाची पेज घेते म्हणून दूध पुरून उरतं.

मी गाठोडं न सोडता भिंतीशी ठेवलंय. तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवतेय.

आधी खोटं काढून टाकते. जूनच्या पत्रात मी ‘आत्ताच कळलं’ असं लिहिलं. आत्ताच नव्हतं. उन्मेषने मला सुपासकट पाहिलं ते तीन एप्रिलला, बुधवारी. पाडव्याच्या आधीचं ते पहिलं पत्र मी लिहिलं तेव्हा मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. तुमच्याकडे दोन डंपर गेले होते, पण राब भाजला नव्हता. माती ढिगातच होती. एक फोन पुरला असता. विकासला सांगितलं असतं की बाबा, ती उचलून वरच्या खडकावर नेऊन टाक, तर त्याने ट्रॅक्टर लावून एका दिवसात टाकली असती.

मी केला नाही. कारण तुम्ही म्हणाला होतात, लोण्यावानी माती हाय गं. तो फोन येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मला वाटलं, आता सांगितलं तर माझी जाऊ बनूबाई काय म्हणेल? म्हणेल, कचऱ्यातल्या बाईने कचराच पाठवला. पुन्हा अकरा वर्षं. मी घाबरले जाऊबाई. विषाला नाही, तुमच्या अबोल्याला घाबरले. म्हणून ‘उन्हात मुरू द्या’ आणि ‘ऊन फार लागतं’ असलं गुळमुळीत काहीबाही लिहून पाठवलं आणि माझं कर्तव्य झालं असं स्वतःला समजावलं.

जूनमध्ये लिहिलं ते खरं होतं, पण अर्धं, आणि वर ‘घाबरायचं कारण नाही’ असं घालून तेही वाया घालवलं. तुम्ही अक्षदाकडून उत्तर पाठवलंत, ‘आजी म्हणते रोपं हातभर झाली, हिरवीगार आहेत, तू उगाच काळजी करतेस.’ तुम्हाला वाटलं शालन संकोच करतेय. तीच रोपं उपटून खाचरात आवणी झाली. बांध पावसात विरघळून खाचरात उतरला. जे खाचरात मावलं नाही ते विहिरीत.

गौरीला तुम्ही बोलावलंत आणि मी आले. मी येतानाच ठरवलं होतं की सांगायचं. पण तुम्ही मला उंबऱ्यावर थांबवून पायावर पाणी घातलंत, भाऊजी ‘धाकटी आली’ म्हणून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडले, सुषमा दिवस भरलेलं पोट सावरत माझ्यासाठी पाट घेऊन आली. मी जेवले. दोनदा भात घेतला. निघताना राबाच्या जागेवरून मूठभर माती पदरात बांधली, तर तुम्ही हसून म्हणालात, ‘घरची माती न्यायला आली व्हती व्हय?’ मी हो म्हटलं.

ती मी तपासणीला नेत होते. या वेळी जशी होती तशी, ओली, मुळांसकट. उन्मेषने त्याच्या ओळखीच्या ठिकाणी दिली. दहा दिवसांनी त्याने मला चहाच्या टपरीवर बोलावून कागद दाखवला. शिसं आहे. क्रोमियम आहे. किती, ते आकडे मी इथे लिहीत नाही, तुम्हाला आणि मला ते सारखेच. मी विचारलं, तांदळात जातं का? म्हणाला, ‘जातं ताई.’ पाण्यात? ‘जातं.’ आईच्या दुधात? त्याने कप खाली ठेवला आणि कागदाची घडी घातली.

मग मी विचारलं, काढायचं कसं? तर म्हणाला, दोन हात खोल माती खणून उचलायची आणि नेऊन टाकायची. कुठे टाकायची? तो म्हणाला, ‘खरं तर असल्या मातीसाठी डम्पिंगच लागतं.’ आम्ही दोघंही हसलो जाऊबाई, रडूच्या जागी. आमच्या डम्पिंगवर आता हिरवळ लावली आहे. कारंजं आहे, चालायला लाल रस्ता आहे, फाटकावर मोठा बोर्ड आहे. सकाळी पेन्शनर मंडळी येऊन हात वर करून मोठमोठ्याने हसतात. शहर साफ झालं. साफ झालं म्हणजे त्यातलं जे वाईट ते चौदा गावांच्या शेतांवर गेलं, माझ्या चिठ्ठ्यांनिशी.

मी गप्प बसले नाही, एवढं तरी खरं माना. साहेबांकडे गेले. त्यांनी फाईल उघडून चौदा कागद माझ्यापुढे सरकवले. ‘ताई, सही कुणाची आहे? तुम्हीच सांगा, तेव्हा खोटं केलं की आता खोटं बोलताय?’ वरच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, पुन्हा तपासायचं तर ढीग पाहिजे. ढीग तर राहिला नाही. शेतातली माती का तपासत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, शेतात खतं पडतात, औषधं पडतात, कशाचं काय आलं हे कोण सांगणार, आणि आमच्याकडे रिपोर्ट पास आहे. उन्मेषला पुढच्याच आठवड्यात गुजरातच्या साईटवर पाठवून दिलं. जाताना माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले. त्या पोराने माझ्या पाया पडावं असं माझ्यात काही नाही.

काल विकासला फोन केला. सगळं सांगितलं, तीन एप्रिलपासून, काही न वगळता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काकी, रिपोर्ट आपल्या घरात भिंतीवर लावलाय मी, लॅमिनेट करून. सरकारी शिक्का आहे, खाली तुझीच सही आहे. भात बघितलास का यंदाचा? वाडीत कुणाचा एवढा आला नाही. आता आईला असलं काही सांगू नको, घरात बाळंतीण आहे. आणि तुझी तब्येत बरी नाय वाटत, एकदा डॉक्टरला दाखव.’ मग त्याने फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा लावला तर लागला नाही. माझा नंबर त्याने बंद केला असेल.

त्याचा राग नाही मला. माझ्या खोट्यावर शिक्का आहे आणि खऱ्यावर नाही. कागदावर विश्वास ठेवू नये असं त्याला कुणी शिकवलं नाही, आणि तो कागद मीच त्याच्या हातात दिला होता.

आता राहिलात तुम्ही. हे पत्र मंगळवारी दूधवाल्याच्या टेम्पोबरोबर येईल. तोपर्यंत सुषमाच्या दोन पेजा झालेल्या असतील. ते मला थांबवता येत नाही. पण पत्र वाचून झाल्यावर तुम्ही थांबवू शकता. घरात तुमच्या शब्दापुढे विकास जात नाही. रेशनचे तांदूळ आणा, त्याला वास येतो, पोरं नाक मुरडतील, तेच शिजवा. नवं भात कुणाला विकू नका, कुणाला वाटू नका. पाण्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. दुसरी विहीर नाही, पाण्याचा टँकर रोज वाडीपर्यंत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्षदाने आणि तुम्ही पावसाळाभर जे प्यायलं ते परत काढता येत नाही. बाळाच्या पोटात गेलं तेही नाही. उन्मेष म्हणाला, काही दिसायचं असेल तर वर्षांनी दिसेल, पोर शाळेत जायला लागल्यावर. तेव्हा कुणालाच ही माती आठवणार नाही. पोराचं डोकं मंद आहे म्हणतील आणि नशिबाला दोष देतील.

मी बारशाला येणार नाही. विकासला बहीण नाही, लहानपणी गेली ती, म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगावं असं तुम्ही लिहिलंत. त्या पत्रावर मी किती वेळ हात ठेवून बसले होते ते सांगता येणार नाही. दुसरी कुणी बघा.

तुम्ही हे वाचून म्हणाल, शालनचं डोकं फिरलंय, माती तर लोण्यासारखी होती. तसं म्हणू नका, तुमच्या पाया पडते. वरचं खाचर विकलं तेव्हा तुम्ही अंगणात उभं राहून म्हणाला होतात की ही बाई घर बुडवायला आली आहे. अकरा वर्षं तुम्ही तेच मानलंत. यंदा दोन डंपर माती बघून ते विसरलात. पुन्हा तेच माना. माझं नाव घरात काढू नका, मेले तरी मातीला येऊ नका, पण त्या पोरीच्या हातातला पेजेचा वाडगा काढून घ्या.

खाली ‘तुमची’ असं लिहायला हात धजत नाही. नुसतंच,

शालन